सात मैलांच्या आत : लंडनचे बोगस डॉक्टर आणि त्यांना पकडणारे

आजची गोष्ट लंडनची आहे आणि ती एका वरातीपासून सुरू होते. साल १३८२. पुढे तुताऱ्या-पिपाण्या वाजताहेत आणि मागे खोगीर नसलेल्या घोड्यावर एक माणूस बसवलाय. त्याच्या गळ्यात चर्मपत्राचा एक तुकडा आहे, धार लावायचा एक दगड आहे, आणि पुढे एक नि पाठीवर एक अशी लघवी तपासायची दोन भांडी लटकवली आहेत. आपल्याकडे गाढवावरून धिंड काढायचे, तसाच हा प्रकार.

माणसाचं नाव रॉजर क्लार्क, राहणार वाँड्सवर्थ. एका गृहस्थाच्या बायकोला ताप येत होता. ह्यानं १२ पेन्स आगाऊ घेतले आणि जरीच्या कापडात गुंडाळलेला एक ताईत तिच्या गळ्यात बांधला. ताप काही उतरला नाही, नवऱ्यानं फिर्याद केली. मेयरसमोर विचारणा झाली, की बाबा रे, ह्या ताइतात लिहिलंय काय? रॉजरनं एक लॅटिन प्रार्थना घडाघडा म्हणून दाखवली. तुकडा उघडून पाहिला, तर त्यातलं एक अक्षरही तिथे नव्हतं. ह्याला लिहिता-वाचताही येत नाही, असं निष्पन्न झालं. पायाखालची गवताची काडी बांधली असती तरी तापाला एवढाच गुण आला असता, असं न्यायालयानं सुनावलं आणि वरात काढली. गळ्यातला तो दगड लबाडीची खूण होता, आणि लघवीची भांडी वैद्यकीची. रोग्याची लघवी बाटलीत घालून उजेडात धरायची आणि रोग सांगायचा, हे त्या काळच्या डॉक्टरचं मुख्य काम. आज स्टेथोस्कोप गळ्यात असतो, तेव्हा हातात बाटली असायची.

ह्या खटल्यात मला आवडते ती एक साधी गोष्ट. परवाना आहे का, असा प्रश्न कुणी मुख्य धरलाच नाही. पैसे घेतलेस, गुण आला नाही, खोटं बोललास, एवढ्यावर निकाल लागला. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत हा प्रश्न पार बदलला. ‘तू बरं करतोस का?’ ह्याच्या जागी ‘तुला कुणी परवानगी दिली?’ हा प्रश्न आला. तो कसा आला आणि त्यानं कुणाचं भलं झालं, हे आज बघायचंय.

आधी सांगून टाकतो, मी डॉक्टर नव्हे. पायदळातला माणूस, निवृत्त. पण बोगस डॉक्टरवर छापा पडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, की मला नेहमी एक चौकी आठवते. हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद झालेला, रेजिमेंटचा डॉक्टर खाली बटालियनच्या मुख्यालयात, आणि वर आमच्याजवळ एक नर्सिंग असिस्टंट, वय असेल बावीस. एका जवानाला रात्री श्वास घेता येईना. वायरलेसवर डॉक्टर सांगत होते आणि हा पोरगा करत होता. तीन रात्री त्यानं त्या जवानाला धरून ठेवलं, चौथ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. कागदोपत्री त्याला जे करायचा अधिकार होता, त्याच्या बाहेर तो किती गेला, ते मी विचारलं नाही. आजही विचारणार नाही.

तर इंग्लंड. १५१२ साली, आठवा हेन्री गादीवर असताना, पार्लमेंटनं कायदा केला. त्याच्या प्रस्तावनेत तक्रार अशी, की लोहार, विणकर आणि बायका खुशाल औषधपाणी करतात, त्यात जादूटोणाही करतात, आणि माणसं मरतात. म्हणून लंडन आणि भोवतालच्या सात मैलांत लंडनच्या बिशपनं किंवा सेंट पॉल्सच्या डीननं, जाणत्या डॉक्टरांकडून परीक्षा घेऊन, परवाना द्यायचा. बाहेरच्या मुलखात त्या त्या बिशपनं द्यायचा. विनापरवाना धंदा केला तर महिन्याला ५ पौंड दंड.

धर्मगुरूनं डॉक्टरचा परवाना द्यायचा हे ऐकून हसू येतं. पण सरकारचा हात गावोगाव पोचवणारी दुसरी यंत्रणा होती कुठे? प्रत्येक गावात चर्च होतं, प्रत्येक चर्चवर बिशप होता. सीमेवरच्या भागात जी पलटण असते तीच पोस्टमन होते, तीच शाळा चालवते, तीच दवाखाना चालवते. त्यातलाच हा प्रकार. सुइणींनाही बिशपच परवाना द्यायचा आणि चेटूक करणार नाही अशी शपथ घ्यायला लावायचा.

लंडनच्या बड्या डॉक्टरांना हे पुरेसं वाटलं नाही. राजाचा वैद्य थॉमस लिनाकर हा इटलीत शिकून आलेला, ग्रीकचा मोठा पंडित. त्याच्या पुढाकारानं २३ सप्टेंबर १५१८ रोजी राजानं कॉलेज ऑफ फिजिशियन्सची सनद दिली. बैठका लिनाकरच्याच घरी, नाइटरायडर स्ट्रीटवर. हद्द तीच, लंडन आणि भोवताली सात मैल. ह्या सात मैलांत औषध कोण देईल हे आता डॉक्टरांची ही मंडळी ठरवणार होती. चार सेन्सॉर नेमायचे, त्यांनी तक्रारी ऐकायच्या, माणसं बोलावायची, परीक्षा घ्यायची, दंड करायचा. १५५३ मध्ये मेरी राणीच्या काळात आणखी एक कायदा झाला आणि कॉलेजनं पाठवलेला माणूस तुरुंगाधिकाऱ्यानं मुकाट्यानं आत घेतलाच पाहिजे, असं ठरलं.

आता आकडे बघा. १६०० च्या सुमारास लंडनची वस्ती साधारण दोन लाख. कॉलेजचे फेलो तीसच्या आसपास. शिवाय सुमारे शंभर न्हावी-शल्यवैद्य, तेवढेच औषधविक्रेते, आणि इतिहासकारांच्या हिशेबानं ह्या सगळ्यांच्या बाहेरचे अडीचशेच्या आसपास लोक. तीस माणसं दोन लाखांना पुरणार कशी? ती पुरवण्याचा त्यांचा विचारही नव्हता. कॉलेजचा डॉक्टर सरदार-सावकाराच्या घरी जायचा. गोदीतल्या हमालाला ताप आला तर तो शेजारच्या म्हातारीकडे जायचा.

आणि दंड ५ पौंड म्हणजे किती? लंडनमधल्या मजुराला त्या वेळी दिवसाला साधारण १० पेन्स मिळत. पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे ५ पौंड ही त्याची १२० दिवसांची मजुरी, तीही एक दिवस न चुकता मिळाली तर.

कॉलेजची परीक्षा लॅटिनमध्ये. विषय गेलन, म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वीचा ग्रीक वैद्य. परीक्षेत रोगी नाही, ग्रंथ. १५५९ मध्ये ऑक्सफर्डचा जॉन गाइन्स नावाचा डॉक्टर बोलून गेला, की गेलन काही ठिकाणी चुकलाय. कॉलेजनं त्याला बोलावून घेतलं, दाखव म्हणाले कुठे चुकलाय ते, आणि शेवटी त्याच्याकडून चूक कबूल केल्याचं लिहून घेतलं. चूक त्याची, गेलनची नव्हे.

ह्या सगळ्याला उलटा एक कायदाही होता, आणि तोही आठव्या हेन्रीचाच. १५४२-४३ सालचा हा कायदा इतिहासात ‘भोंदूंची सनद’ ह्या टोपणनावानं ओळखला जातो, अर्थात नाव ठेवणारे विरोधकच. त्याची प्रस्तावना वाचण्यासारखी आहे. तीस वर्षांपूर्वीचा कायदा हाती आल्यापासून लंडनचे शल्यवैद्य फक्त आपला फायदा बघतात, आणि ज्या भल्या स्त्री-पुरुषांना देवानं झाडपाल्याची जाण दिली आहे, जे गोरगरिबांना फुकट उपचार करतात, त्यांनाच कोर्टात खेचतात, असं खुद्द पार्लमेंट म्हणतंय. म्हणून ज्याला वनस्पती, मुळं, अर्क ह्यांचं ज्ञान आहे, त्यानं बाहेरून दिसणाऱ्या जखमा, गळवं, सूज ह्यांवर लेप लावायला, आणि मूतखडा, लघवीचा अवरोध, हिवताप ह्यांवर काढा द्यायला मुभा दिली.

म्हणजे एकाच राजानं एका हातानं परवाना सक्तीचा केला आणि दुसऱ्या हातानं दार किलकिलं ठेवलं. मला वाटतं, त्याला वस्तुस्थिती ठाऊक होती. कॉलेजनं मात्र त्या दाराकडे कायम पाठ केली.

मार्गारेट पेलिंग ह्या इतिहासकार बाईंनी कॉलेजच्या जुन्या नोंदवह्या अक्षरशः चाळून काढल्या. १५५० ते १६४० ह्या काळात कॉलेजनं ज्यांच्यामागे ससेमिरा लावला असे सातशेहून अधिक लोक त्यांना सापडले. त्यांत शंभराच्या वर बायका. बाकी शल्यवैद्य, औषधविक्रेते, परदेशातून आलेले निर्वासित, धर्मोपदेशक आणि परगावचे पदवीधर डॉक्टरसुद्धा.

त्यांतली एक मार्गारेट केनिक्स. गरीब बाई, झाडपाल्याची औषधं द्यायची. नवरा अपंग, घर तिच्यावर. कॉलेजनं तिला बंदी केली. बातमी कशी कोण जाणे, दरबारात पोचली. १५८१ च्या डिसेंबरात राणी एलिझाबेथचा सचिव सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम ह्यानं कॉलेजला पत्र लिहिलं : राणीसाहेबांची इच्छा आहे की ह्या बाईला देवानं दिलेल्या गुणाचा वापर करू द्यावा, तिचं कुटुंब त्यावर चालतं. वॉल्सिंगहॅम म्हणजे इंग्लंडच्या हेरखात्याचा प्रमुख, त्याच्या पत्रानं भलेभले चळचळ कापत. कॉलेजनं अदबीनं उत्तर दिलं, की आम्ही शपथेनं आणि कायद्यानं बांधलेले आहोत, परवानगी देता येत नाही.

बाणा म्हणून कौतुक करावं, तर पुढचं ऐका. लेनर्ड पो नावाचा एक इसम. त्याला लॅटिनचा गंध नाही, असं कॉलेजच्याच नोंदीत आहे. बंदी झाली, दंड झाला, तुरुंगही झाला. पण त्याच्या पाठीशी अर्ल ऑफ एसेक्स उभा राहिला. १५९६ मध्ये कॉलेजनं त्याला गुप्तरोग, त्वचेचे रोग, मूतखडा, संधिवात आणि साधा ताप एवढ्यांवर उपचाराची परवानगी दिली. मोठा ताप असेल तर आमच्यापैकी एकाला बोलव, अशी अट घातली. तो अट पाळीना, पुन्हा कटकटी झाल्या. आणि १६०९ साली हाच पो राजघराण्याचा वैद्य झाला, त्याच वर्षी कॉलेजचा फेलोही. ज्यांनी आत टाकलं त्यांच्याच पंक्तीला जाऊन बसला. मार्गारेट केनिक्सपाशी राणीचं पत्र होतं, पण पुरुषाचा कोट आणि रोज दरबारात उठबस असलेला धनी नव्हता.

सायमन फोरमनला विसरून चालणार नाही. हा ज्योतिषी डॉक्टर. रोगी कोणत्या घटकेला आला त्यावरून कुंडली मांडायचा आणि औषध द्यायचा. १५९२-९३ च्या प्लेगात लंडनमधले पुष्कळ डॉक्टर गाव सोडून गेले, हा राहिला. त्यालाही गाठी उठल्या, त्यानं स्वतःच्या हातानं फोडल्या आणि वाचला. त्यावर त्याचं नाव झालं आणि कॉलेजचं लक्षही गेलं. १५९४ मध्ये सेन्सॉरांनी विचारलं, रोग कसा ओळखतोस? तो म्हणाला, पंचांगावरून. त्यांनी त्याची टर उडवली, दंड केला. पुढे तुरुंगही झाला. हा पठ्ठ्या थेम्सपलीकडे लॅम्बेथला राहायला गेला आणि १६०३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाकडून चक्क वैद्यकीचा परवाना घेऊन आला.

फोरमनची बाजू मी घेत नाही. कुंडली मांडून तापाचं निदान करणारा माणूस मला माझ्या कंपनीजवळ नको आहे. पण त्यानं रोग्यांच्या नोंदी ठेवल्या, नाव, वय, तक्रार, वेळ. आणि त्याच्या व त्याचा शिष्य रिचर्ड नेपियरच्या मिळून सुमारे ऐंशी हजार नोंदी आज केंब्रिजच्या अभ्यासकांनी इंटरनेटवर ठेवल्यात. कॉलेजच्या प्रतिष्ठित डॉक्टरांकडून सामान्य लंडनकरांबद्दल एवढं काही आपल्याला मिळालेलं नाही. आणि गेलनवाले तरी काय करत होते? रक्त काढत होते, जुलाब देत होते. रोग्याच्या बाजूनं बघितलं तर फरक फीमध्ये होता.

आता आजचा मुख्य खटला. थॉमस बॉनम. हा भोंदू नव्हे, केंब्रिजचा डॉक्टर ही पदवी घेतलेला. त्याचं म्हणणं, मला विद्यापीठानं पदवी दिली, कॉलेजची परवानगी कशाला? एप्रिल १६०६ मध्ये सेन्सॉरांनी त्याला ५ पौंड दंड केला आणि धंदा बंद करायला सांगितलं. त्यानं केला नाही. ऑक्टोबरात १० पौंड. नोव्हेंबरात तो समोर आला आणि म्हणाला, मी उपचार करतो, पुढेही करणार आणि तुमची परवानगी मागणार नाही. त्यांनी तुरुंगात टाकलं. बॉनमनं बेकायदा कैदेचा दावा लावला, आणि तो कॉमन प्लीज कोर्टात सर एडवर्ड कोक ह्यांच्यापुढे आला. लिहितात कोक, उच्चारतात कुक.

१६१० मध्ये निकाल लागला. न्यायाधीशांत एकमत नव्हतं, पण बहुमत कोकबरोबर होतं. कोकनं सनद आणि कायदा वाक्यावाक्यानं सोलला. त्यात दोन वेगळी कलमं आहेत, तो म्हणाला. एक, विनापरवाना उपचार : त्याला महिन्याला ५ पौंड दंड, तुरुंग नाही. दुसरं, वाईट उपचार : त्याला तुरुंग. का? कारण वाईट औषधानं माणूस एका दिवसात मरतो, तिथे महिनाभर थांबता येत नाही. पण जो चांगला उपचार करतो आणि फक्त परवाना नाही, त्याला महिना पुरा होईपर्यंत कायदा काहीच म्हणत नाही. बॉनमनं कुणाला वाईट औषध दिलं, असा आरोप तर नव्हताच.

बघा, रॉजर क्लार्कच्या वेळचा प्रश्न परत आला. बरं करतोस का, आणि परवानगी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं कोक सांगत होता.

मग त्यानं मर्मावर बोट ठेवलं. दंडाची अर्धी रक्कम राजाला जाते आणि अर्धी कॉलेजला. म्हणजे आरोप ठेवणारे हे, समन्स पाठवणारे हे, निकाल देणारे हे, आणि निकालाचे पैसे खिशात घालणारेही हेच. स्वतःच्या खटल्यात कुणी न्यायाधीश होऊ शकत नाही. आणि पार्लमेंटचा कायदाच जर असं काही सांगत असेल, तर देशाचा मूळ न्याय त्या कायद्याला आवर घालेल. बॉनमला ४० पौंड नुकसानभरपाई मिळाली.

हे शेवटचं वाक्य इंग्लंडमध्ये फार टिकलं नाही, तिथे पार्लमेंटच श्रेष्ठ ठरलं. पण अमेरिकेत वसाहतींनी ब्रिटिश करांविरुद्ध भांडताना कोकचा हा निकाल बाहेर काढला. आणि स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व तर आपल्या कोर्टांत रोज वापरलं जातं, नैसर्गिक न्याय म्हणून.

आमच्या लष्करातही ते आहे. १९५४ च्या आर्मी रूल्समध्ये ३९ वा नियम आहे. जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलवर ज्यानं आधी चौकशी केली तो बसू शकत नाही, साक्षीदार बसू शकत नाही, आरोपीचा कमांडिंग ऑफिसर बसू शकत नाही, ज्याचा व्यक्तिगत संबंध आहे तो बसू शकत नाही. कोकला आवडला असता असा नियम. पण छोट्या गुन्ह्यांसाठी कमांडिंग ऑफिसर एकटाच सगळं असतो, आणि ‘समरी कोर्ट मार्शल’मध्येही न्यायालय म्हणजे तोच. युद्धावर ते लागतं, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही एक आठवण सांगतो. माझा एक शिपाई रजेवरून नऊ दिवस उशिरा आला. रजा मंजूर करणारा मी, गैरहजेरी लिहिणारं ऑफिस माझं, त्याला समोर उभं करून ऐकणारा मी, शिक्षा देणारा मीच. आई आजारी होती म्हणाला. सगळेच तसं म्हणतात. सात दिवस दिले. नियमाप्रमाणे होतं. तीन महिन्यांनी आई गेल्याची तार आली, आणि ती तारही माझ्याच टेबलावर आली. बॉनमचा निकाल मी निवृत्तीनंतर वाचला. वाचताना सेन्सॉरांच्या टेबलामागची खुर्ची मला ओळखीची वाटली.

कॉलेजचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. १६१८ मध्ये त्यांनी औषधांचा अधिकृत ग्रंथ काढला, अर्थात लॅटिनमध्ये. १६४९ मध्ये निकलस कल्पेपर नावाच्या माणसानं, कुणाची परवानगी न घेता, त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं. कल्पेपर यादवी युद्धात पार्लमेंटच्या बाजूनं लढला होता, छातीत गोळी घेऊन परत आला होता. राजाचं डोकं त्याच वर्षी उडालेलं, कॉलेजला सनद देणारी गादीच रिकामी. मग कॉलेज पकडणार कुणाला? तीन वर्षांनी त्यानं वनस्पतींवरचं पुस्तक स्वस्तात काढलं, आणि शेजारची म्हातारी जे जाणत होती ते कुणालाही वाचता येऊ लागलं.

१६६५ च्या मोठ्या प्लेगात कॉलेजचे बरेचसे डॉक्टर पुन्हा गावाबाहेर गेले. इतके, की रिकाम्या इमारतीतली पैशाची पेटी चोरांनी नेली. सगळे पळाले असं मात्र म्हणू नये. नॅथॅनिएल हॉजेस हा कॉलेजवालाच थांबला, रोज रोगी बघत राहिला. आणि पुढे कर्ज फिटलं नाही म्हणून तुरुंगात मेला. थांबलेले बाकीचे बहुतेक औषधविक्रेते होते. लोकांनी ते लक्षात ठेवलं.

म्हणूनच १७०४ चा निकाल लागला तसा लागला असावा. विल्यम रोझ ह्या औषधविक्रेत्यानं एका खाटकाला औषधं दिली. बिल जबर आलं, खाटीक कॉलेजकडे गेला. कॉलेजनं खटला भरला, की ह्यानं डॉक्टरला न विचारता उपचार केले. खालच्या कोर्टात कॉलेज जिंकलं. हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल फिरवला. डॉक्टरला आधी फी द्या, मग त्याच्या चिठ्ठीवर औषध घ्या, हे गरिबाला परवडणारं नाही, आणि रात्री-बेरात्री औषधविक्रेताच हाताशी असतो, हा रोझच्या बाजूचा युक्तिवाद लॉर्डांना पटला. सात मैलांची मक्तेदारी खऱ्या अर्थानं तिथे संपली. इंग्लंडचे साधे फॅमिली डॉक्टर ह्या औषधविक्रेत्यांचेच वारस.

१८५८ मध्ये ब्रिटननं डॉक्टरांची सरकारी नोंदवही सुरू केली. तोच नमुना १९१२ च्या बॉम्बे मेडिकल अ‍ॅक्टनं मुंबई इलाख्यात आला, आणि आपले वैद्य-हकीम एका फटक्यात नोंदवहीच्या बाहेर राहिले. १९३८ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

१५४० सालचा एक कायदा मी आज मुद्दाम वगळलाय. त्यानं न्हावी आणि शल्यवैद्य एका संघात बांधले, आणि चिरफाड शिकण्यासाठी त्यांना दरवर्षी फाशी गेलेल्या चार गुन्हेगारांची प्रेतं मंजूर केली. चार प्रेतं वर्षाला पुरेनात, तेव्हा पुढच्या काळात काय काय झालं, ते पुढच्या भागात. जेवण झाल्यावर लगेच ऐकू नका. जय हिंद.